मेडिकलला दुसऱ्यांदा अर्ज करताना जुन्या निबंधाचं काय करायचं?

मार्च-एप्रिल आला की अमेरिकेतल्या मराठी घरांमधून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो. मुलीनं किंवा मुलानं मागच्या जूनमध्ये वीस-पंचवीस मेडिकल स्कूलना अर्ज केले होते. जीपीए चांगला, एमकॅटचे मार्क चांगले, तरी होकार एकाही ठिकाणाहून नाही. आता मे महिन्यात अर्ज पुन्हा उघडतील. तर ते पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे अर्जातला निबंध, तसंच ठेवायचं, थोडं बदलायचं, की नव्यानं लिहायचं? मंडळातले डॉक्टर एक सांगतात, कॉलेजचे ॲडव्हायझर दुसरं, आणि तासावर पैसे घेणारे कन्सल्टंट तिसरंच.

हा लेख तुम्हा आईवडिलांसाठी आहे, कारण हे प्रश्न तुम्हीच विचारता. ज्यांना निबंध लिहायचा आहे त्यांना मराठी वाचायचा कंटाळा असेल, तर जेवताना वाचून दाखवा.

आधी एक आकडा ध्यानात घ्या. अमेरिकेत एमडीसाठी दरवर्षी पन्नास हजारांहून जास्त विद्यार्थी अर्ज करतात आणि साधारण तेवीस हजारांना प्रवेश मिळतो. म्हणजे निम्म्याहून अधिकांना नकार येतो. अर्जदारांपैकी साधारण चौथा हिस्सा आधी एकदा तरी अर्ज केलेल्यांचा असतो. त्यामुळे 'लोकांना काय सांगायचं' ही काळजी सोडून द्या. आपल्यापैकी बरेच जण बारावीचे मार्क किंवा सीईटी या एका आकड्यावर प्रवेश मिळण्याच्या काळातले. त्यामुळे निबंध म्हणजे अर्जाला लावलेली शोभा, असं आपल्याला वाटत राहतं. इथे तो वाचला जातो, आणि अर्जात मुलगी स्वतःच्या आवाजात सलग बोलते अशी ती पहिली जागा असते.

निबंधाला हात लावण्याआधी: नकार नेमका कुठे आला?

बहुतेक घरांत चूक इथेच होते. नकार आला की सगळे निबंधावर तुटून पडतात, कारण हातात घेऊन बदलता येईल अशी तीच एक गोष्ट दिसते. पण दोष निबंधात होता का, हे आधी पाहायला हवं. मागच्या वर्षीच्या अर्जांची एक यादी करा आणि प्रत्येक स्कूलपुढे प्रकरण कुठपर्यंत गेलं ते लिहा.

- एकाही ठिकाणाहून इंटरव्ह्यू नाही. कारण मार्क, स्कूलची निवड, उशिरा केलेला अर्ज, रुग्णांजवळचा अनुभव किंवा निबंध, यांपैकी काहीही असू शकतं. 'पण सेकंडरी तर सगळीकडून आल्या,' असं म्हणून समाधान मानू नका. बरीच स्कूल जवळपास सरसकट सर्वांना सेकंडरी, म्हणजे स्वतःचा पुढचा अर्ज, पाठवतात.
- इंटरव्ह्यू झाले, पण होकार नाही. म्हणजे कागदावरचा अर्ज चालला. इथे निबंध फाडून टाकण्यापेक्षा इंटरव्ह्यूची तयारी करण्यात वेळ घालवा.
- वेटलिस्ट. अर्ज अगदी जवळ पोचला होता. वेटलिस्टवर असतानाही नवा अर्ज करता येतो आणि जुन्या जागी होकार आला तर नवा मागे घेता येतो. त्यामुळे वाट पाहत हातावर हात ठेवून बसू नका.
- अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गेला होता. बहुतेक स्कूल अर्ज येतील तसे पाहतात आणि जागा भरत जातात. एमडीच्या सामाईक अर्जसेवेकडून, म्हणजे ॲमकॅसकडून, अर्जाची पडताळणी व्हायला गर्दीच्या दिवसांत सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात. ऑगस्टअखेर पाठवलेला चांगला अर्ज जूनमधल्या मध्यम अर्जाच्या मागे पडू शकतो.

आपल्या घरांसाठी आणखी एक कारण महत्त्वाचं आहे: व्हिसा. एच-४ वर वाढलेली मुलं एकविसाव्या वर्षी त्या व्हिसातून बाहेर पडतात आणि पुष्कळदा एफ-१ वर येतात. बरीच मेडिकल स्कूल फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांचेच अर्ज विचारात घेतात. मुलीचं ग्रीन कार्ड आलेलं नसेल, तर मागच्या वर्षीच्या यादीतल्या किती स्कूलनी तिचा अर्ज वाचलाच नसेल ते तपासा. मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या, म्हणजे एएएमसीच्या, 'एमएसएआर' या माहितीकोशात प्रत्येक स्कूलचं धोरण दिलेलं असतं. इथे चूक यादीची आहे. निबंध कितीही सुंदर झाला तरी ती भरून निघणार नाही.

नकाराचं कारण स्कूलला विचारता येतं. प्रवेशाचा हंगाम संपत आला की काही स्कूल लेखी विनंतीवर किंवा फोनवर थोडक्यात अभिप्राय देतात, काही स्पष्ट नाही म्हणतात. विनंती दोन-तीन ओळींची, विनम्र आणि तक्रारीचा सूर नसलेली असावी. पदवीच्या कॉलेजचं प्रीहेल्थ ऑफिस पुष्कळदा माजी विद्यार्थ्यांनाही मदत करतं. त्यांनी वर्षानुवर्षं अर्ज पाहिलेले असतात, म्हणून पहिला फोन तिकडे करावा.

यंदाच, की एक वर्ष थांबून?

मागचा अर्ज पाठवल्यापासून मुलीच्या आयुष्यात नवं काय घडलं, याची यादी करा. नवं म्हणजे रुग्णांजवळचं काम, प्रयोगशाळेतली वाढलेली जबाबदारी, पुन्हा दिलेली एमकॅट, घेतलेले जादा विषय. यादीत दोन ओळीही होत नसतील, तर यंदा अर्ज करू नका. हे आईवडिलांना फार कठीण जातं. 'वर्ष वाया जाईल' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे. पण त्याच माणसानं त्याच पुंजीवर पुन्हा केलेला अर्ज बहुधा तेच उत्तर घेऊन येतो, आणि किती वेळा अर्ज करता येईल यावर काही स्कूलनी मर्यादा घातलेली आहे. एमकॅटलाही मर्यादा आहे: एका वर्षात तीनदा, लागोपाठच्या दोन वर्षांत चारदा, आयुष्यात सातदा. 'बघू तर देऊन' म्हणून द्यायची ती परीक्षा नाही.

तेच ठेवायचं, थोडं बदलायचं, की नवं?

माझं मत स्पष्ट आहे: नवं लिहायचं. डॉक्टर होण्याचं कारण तेच राहू द्यावं, त्याचा पुरावा नवा द्यावा.

ज्या स्कूलला मागच्या वर्षी अर्ज केला होता, त्यांच्याकडे जुना निबंध आहे असं धरूनच चाला. तोच मजकूर पुन्हा पाहिला की वाचणाऱ्याला वाटतं, वर्षभरात हिला नवं सांगण्यासारखं काही सापडलं नाही. दोन-चार वाक्यं इकडची तिकडे केली आणि शेवटी एक परिच्छेद चिकटवला, तरी ते लगेच कळतं. शिळ्या भाताला फोडणी दिली की फोडणीचा भात होतो, ताजा होत नाही.

याच्या उलट टोकालाही जाऊ नका. मागच्या वर्षी ग्रामीण भागातल्या आरोग्यसेवेची ओढ होती आणि यंदा अचानक मेंदूच्या शस्त्रक्रियेची, असं दिसलं तर दोन्ही खोटं वाटतं. मूळ कारण खरं असेल तर ते टिकतं. तारखा, कामाचे तास, संस्थांची नावं मागच्या अर्जाशी जुळली पाहिजेत. तास वाढले असतील तर ते खरोखर केलेले असावेत.

लिहायचं कसं

ॲमकॅसमध्ये या निबंधाला ५,३०० कॅरॅक्टर्सची मर्यादा आहे, मोकळ्या जागा धरून. इंग्रजीत ते साधारण आठशे शब्द होतात. मुलांना ही पद्धत सुचवा:

१. जुना निबंध कागदावर छापा. जी वाक्यं दुसऱ्या कोणाबद्दल आहेत (आजी, तो प्रेमळ डॉक्टर, प्रोफेसर) त्यांच्याखाली एक रेघ मारा. जी वाक्यं मुलीनं स्वतः काय केलं, काय पाहिलं, काय ठरवलं याबद्दल आहेत त्यांच्याखाली दोन रेघा. एकेरी रेघा जास्त निघाल्या तर निबंधाचा दोष सापडलाच.

२. प्रत्येक वाक्याला एक प्रश्न विचारा: हे वाक्य दुसऱ्या कोणत्याही अर्जदारानं लिहिलं असतं का? 'मला विज्ञानाची आवड आहे आणि लोकांना मदत करायची आहे' हे हजारो जण लिहितात. ते खरं असेलही, पण त्यातून मुलगी दिसत नाही.

३. आता तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवा आणि निदान आठवडाभर काढू नका. गेल्या वर्षातले चार-पाच प्रसंग वहीत लिहून काढा, जिथे रुग्णाजवळ असताना काहीतरी अनपेक्षित कळलं किंवा आपलं मत बदललं. सुंदर लिहायचा प्रयत्न नको. कोण होतं, काय झालं, मी काय केलं, एवढंच.

४. त्यांतले दोन, फार तर तीन निवडा. आठशे शब्दांत सहा प्रसंग कोंबले की यादी होते. यादीसाठी ॲमकॅसमध्ये वेगळी जागा आहे: पंधरा कामं, प्रत्येकी ७०० कॅरॅक्टर्स, आणि सर्वांत महत्त्वाच्या तीन कामांना आणखी १,३२५. तिथे जे सांगून झालं आहे ते निबंधात पुन्हा नको.

५. मसुदा झाला की मोठ्यानं वाचायचा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य बहुधा उसनं असतं.

६. वाचायला दोघांनाच द्या. एक, जो मुलीला चांगलं ओळखतो आणि 'हे तुझ्यासारखं वाटत नाही' असं सांगू शकतो. दुसरा, जो तिला ओळखत नाही पण प्रवेशाची रीत जाणतो. सात जणांनी वाचलेला निबंध सात जणांना न खुपणारा होतो, आणि तेवढाच निर्जीवही.

७. शेवटी मजकूर साध्या टेक्स्टमध्ये उतरवून ॲमकॅसच्या चौकटीत टाका. ठळक, तिरपी अक्षरं तिथे चालत नाहीत, आणि वर्डमधून थेट चिकटवलं की अवतरणचिन्हं बिघडू शकतात. अर्ज पाठवल्यावर निबंधातलं एक अक्षरही बदलता येत नाही. स्पेलिंगची चूक राहिली तर ती राहिलीच.

एक नमुना

समजा, मुलीचा जुना निबंध असा सुरू होत होता: मी नऊ वर्षांची असताना पुण्याच्या आजीला अर्धांगाचा झटका आला, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बाबांचा हात धरून उभी असताना मी ठरवलं की डॉक्टर व्हायचं. यात खोटं काहीच नाही. पण वाचणाऱ्याला तेवीस वर्षांच्या मुलीबद्दल जाणून घ्यायचं आहे आणि त्याला भेटते नऊ वर्षांची मुलगी, जिनं काही केलेलं नाही, फक्त पाहिलं आहे.

या वर्षभरात ती एका क्लिनिकमध्ये स्क्राइबचं काम करते आहे, म्हणजे डॉक्टर रुग्णाशी बोलत असताना नोंदी टाइप करते. तिचा पहिला दुरुस्त मसुदा बहुतेक असा येईल: स्क्राइबच्या कामातून मी सहानुभूती, टीमवर्क आणि चिकाटी शिकले. ही गुणांची यादी झाली. ती परत करा आणि विचारा, 'कधी शिकलीस? त्या दिवशी काय झालं?' मग कदाचित असं काही निघेल:

*डॉक्टर रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल विचारत होते आणि सत्तरीतल्या त्या बाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. माझं टाइप करणं थांबलं. व्हिडिओ कॉलवर नीट ऐकू आलं नाही की माझी आजी अशीच मान हलवते. त्यांची भाषा मला थोडीफार येत होती, पण मी मध्ये बोलले नाही, कारण मी दुभाषी नाही. डॉक्टर खोलीबाहेर आल्यावर त्यांना सांगितलं. मग फोनवर दुभाषी घेतला. बाई गोळी अर्धी करून घेत होत्या, महिन्याची दोन महिने पुरावी म्हणून. माझ्या नोंदीत तोवर 'औषधं नियमित घेतात' असं लिहिलेलं होतं. ती ओळ मी खोडली.*

आजी इथेही आहे, एका वाक्यात, आणि तिचा उपयोग झाला आहे. मुलगी काय पाहते, कुठे थांबते, आपल्या अधिकाराची मर्यादा कुठे ओळखते, हे सगळं तिनं न सांगता कळतं. 'सहानुभूती' हा शब्द कुठेही आलेला नाही. यानंतरच्या परिच्छेदात तिनं लिहावं की औषध लिहून देणं आणि ते घेतलं जाणं यांच्यामधल्या अंतराबद्दल तिला आता काय वाटतं, आणि ते प्रश्न सोडवायला तिला डॉक्टरच का व्हायचं आहे. नर्स, फार्मासिस्ट किंवा समाजसेवक का नाही. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच निबंधांत नसतंच, आणि प्रवेश कमिटी तेच शोधत असते.

एक खबरदारी: रुग्ण ओळखू येईल असं काहीही लिहायचं नाही. नाव, गाव, दुर्मीळ आजार आणि तारीख एकत्र आली तरी माणूस ओळखू येतो.

आपल्या घरांतले नेहमीचे घोटाळे

काकांचं हॉस्पिटल. सुट्टीत भारतात गेल्यावर नाशिकच्या किंवा सांगलीच्या नात्यातल्या सर्जनकडे महिनाभर राहून आलेली मुलं बरीच असतात. काका कौतुकानं म्हणतात, 'ये, हा टाका तू घाल.' मुलगा ते निबंधात अभिमानानं लिहितो, आणि वाचणाऱ्या डॉक्टरच्या कपाळावर आठी उमटते. प्रशिक्षण नसताना रुग्णाच्या अंगाला हात लावणं इथे गंभीर गोष्ट मानली जाते, देश कोणताही असो. परदेशातल्या अशा अनुभवाबद्दल एएएमसीनं मार्गदर्शक सूचनाही दिलेल्या आहेत. मागच्या वर्षीच्या निबंधात असं काही असेल तर नकाराचं एक कारण तिथेच असू शकेल. भारतात काय *पाहिलं* ते लिहायला हरकत नाही: बाहेर ताटकळणारे नातेवाईक, उसनवारी करून आणलेले पैसे, एका डॉक्टरपुढची रांग. 'तिथली गरिबी पाहून मला माझ्या नशिबाची जाणीव झाली' एवढ्यावर मात्र थांबू नका. लोकांचं दुखणं हे तुमच्या मुलाच्या जाणिवेचं साधन नाही, आणि वाचणाऱ्याला ते खटकतं.

आईवडिलांची कहाणी. दोन सूटकेस, खिशात मोजके डॉलर, बर्फातला पहिला हिवाळा. तुमची कहाणी मोठी आहे, पण अर्ज तुमचा नाही. दोन वाक्यं पुरेत.

डॉक्टरांचं घर. आई बालरोगतज्ज्ञ, बाबा भूलतज्ज्ञ असतील तर ते लपवायचं कारण नाही. पण घरच्या वातावरणामुळे डॉक्टर व्हायचं ठरवलं, असा भास होऊ नये. घराबाहेर, ओळखीच्या डॉक्टरांपासून दूर केलेलं काम पुढे आणा.

ढोल-ताशा, भरतनाट्यम, तबला. खरी साधना असेल तर कामांच्या यादीत जरूर द्या. मात्र निबंधात तालाचा आणि हृदयाच्या ठोक्यांचा संबंध जोडू नका. तो आधीच पुष्कळांनी जोडलेला आहे.

मागच्या नकाराचा उल्लेख करायचा का?

मुख्य निबंधात बहुधा नको. तो एकच निबंध सगळ्या स्कूलना जातो, ज्यांना तुम्ही कधी अर्ज केला नव्हता त्यांनाही. तिथे दिलगिरीचा सूर लावून काही मिळत नाही. दुसऱ्यांदा अर्ज करणाऱ्यांना अनेक स्कूल सेकंडरीमध्ये थेट विचारतात: मागच्या अर्जानंतर काय सुधारलं? तिथे मुद्देसूद, आकड्यांसह आणि रडगाणं न गाता सांगा. 'मागच्या वेळी माझ्याकडे रुग्णांजवळचा अनुभव कमी होता. त्यानंतर मी क्लिनिकमध्ये पूर्णवेळ काम केलं' एवढं सरळ उत्तर चांगलं.

एखाद्या सेमिस्टरला मार्क घसरले असतील, घरात आजारपण असेल, पैशांची ओढाताण असेल, तर त्यासाठी ॲमकॅसमध्ये 'अदर इम्पॅक्टफुल एक्स्पीरिअन्सेस' ही १,३२५ कॅरॅक्टर्सची वेगळी जागा आहे. ती सर्वांनी भरायची नसते. सांगण्यासारखं काही असेल तरच भरा.

निबंधाबरोबर जे बदलायला हवं

शिफारसपत्रं मागच्या वर्षीची आपोआप पुढे येत नाहीत, ती नव्यानं मागवावी लागतात. किमान एक पत्र गेल्या वर्षातलं काम पाहिलेल्या माणसाचं असावं. निबंधात क्लिनिक आणि पत्रं सगळी तीन वर्षांपूर्वीच्या प्रोफेसरांची, हे विसंगत दिसतं.

स्कूलची यादीही नव्यानं करा. डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक मेडिसिन, याकडे आपल्याकडे अजून नाक मुरडलं जातं. ते चुकीचं आहे. डीओ डॉक्टरांना अमेरिकेत एमडीइतकाच वैद्यकीय व्यवसायाचा पूर्ण परवाना मिळतो. त्यांचा अर्ज ॲकोमासमधून जातो आणि निबंधाची मर्यादा तिथेही ५,३०० कॅरॅक्टर्सच आहे. पण तोच निबंध जशाचा तसा पाठवू नका. डीओ का, याचं खरं उत्तर त्यात हवं आणि 'एमडी होण्याचं माझं स्वप्न' असली वाक्यं त्यातून काढलेली हवीत. टेक्ससमधली बहुतेक सरकारी स्कूल स्वतंत्र टीएमडीएसएएस अर्जातून प्रवेश देतात. तिथे मर्यादा ५,००० कॅरॅक्टर्स आहे, त्यामुळे तीनशे कॅरॅक्टर्सची कात्री लावावीच लागते.

'मग भारतातच पाठवू का?' असंही विचारलं जातं. तिथे निबंध नाही, पण एमबीबीएससाठी एनआरआय आणि ओसीआय मुलांनाही 'नीट' ही परीक्षा द्यावीच लागते, आणि परत येऊन इथे रेसिडेन्सीसाठी पुन्हा परीक्षा. तो वेगळा रस्ता आहे, तिकडे रागाच्या भरात वळू नका.

नियम आणि हक्क

- निबंध स्वतःचाच हवा. अर्ज पाठवताना तसं प्रमाणित करावं लागतं. एआयची साधनं सुचवण्यासाठी, मुद्रितशोधनासाठी किंवा संपादनासाठी वापरायला एएएमसीची हरकत नाही, पण अंतिम मजकूर अर्जदाराचा स्वतःचा, त्याचेच अनुभव सांगणारा असावा लागतो. चोरलेला मजकूर किंवा खोटी माहिती आढळली तर ॲमकॅस चौकशी करतं आणि तिचा अहवाल स्कूलना कळवतं. पैसे देऊन दुसऱ्याकडून निबंध लिहून घेण्याचा विचारही नको.
- शिफारसपत्रं पाहण्याचा हक्क. १९७४ च्या 'फर्पा' कायद्यानं विद्यार्थ्यांना स्वतःच्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे. पत्रांपुरता तो सोडता येतो आणि बहुतेक अर्जदार सोडतात, कारण गोपनीय पत्राला वाचणारा जास्त वजन देतो. सोडायचा की नाही, हा निर्णय मात्र मुलीचा.
- ओळखीबद्दल लिहिण्याचं स्वातंत्र्य. २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वंशाच्या आधारे प्रवेश देता येत नाही. पण वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदारानं निबंधात लिहिलं, तर ते विचारात घेण्यास त्या निकालानं मनाई केलेली नाही. सांगण्यासारखं असेल तर घाबरून गाळू नका.
- फीमाफी. दुसऱ्या फेरीचा खर्च झेपत नसेल तर एएएमसीची 'फी असिस्टन्स प्रोग्रॅम' योजना पाहा. घरचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या चारपटीच्या आत असेल तर अर्ज करता येतो. मंजुरी मिळाली की वीस स्कूलपर्यंतची ॲमकॅस फी माफ होते आणि एमकॅटची फी कमी होते. पण मंजुरी अर्ज पाठवण्याआधी मिळालेली हवी. आधी भरलेले पैसे परत मिळत नाहीत.

ब्रिटनमधल्या वाचकांसाठी दोन ओळी. २०२६ च्या प्रवेशापासून यूकॅसनं सलग निबंध बंद करून तीन प्रश्न आणले आहेत, सगळे मिळून ४,००० कॅरॅक्टर्स, प्रत्येक उत्तर किमान ३५० चं. जुन्या साच्यातला निबंध आता भरताच येत नाही. मेडिसिनसाठी चारच पर्याय निवडता येतात आणि मुदत १५ ऑक्टोबरची असते.

आता तुमचं काम

मसुदा वाचायला मिळाला तर एकदाच वाचा आणि फक्त दोन गोष्टी सांगा: कुठे खरं वाटलं आणि कुठे कंटाळा आला. इंग्रजी सुधारू नका. 'माझ्याबद्दल काहीच नाही लिहिलंस?' असं विचारू नका. निबंध दाखवायचा नसेल तर आग्रहही धरू नका.

कामांची विभागणी अशी करा. स्कूलची यादी, खर्चाचा हिशेब, तारखांचं कॅलेंडर, आणि मुलगी नोकरी करून लिहीत असेल तर तिला रविवारची सकाळ मोकळी करून देणं, हे तुमच्याकडे. कॉलेजच्या ॲडव्हायझरला भेटणं, अभिप्राय मागणं, लिहिणं आणि खोडणं तिच्याकडे. मे महिन्याच्या सुरुवातीला पोर्टल उघडतं आणि महिनाअखेरीस किंवा जूनच्या आरंभी अर्ज पाठवता येतात. जूनमध्ये पाठवायचं असेल तर पहिला मसुदा मार्चअखेर कागदावर हवा.

आणि मेडिकल स्कूलच्या ऑफिसला तुम्ही फोन करू नका, ओळख काढून तर नकोच. कॉलेजात गेल्यापासून नोंदींवरचा हक्क तुमच्या मुलीचा आहे. तिच्या अर्जाबद्दल ते तुमच्याशी बोलणार नाहीत.